पंधरा दातांचं स्प्रॉकेट, नवतप्याचा वारा आणि घटांगचा चढ

पहिलेच सांगून टाकतो. १५० सीसीच्या आसपासची गाडी, मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि नागपूर ते मेळघाट असा बेत असेल, तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, एका दातानं मोठं करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. नागपुरातल्या एका दुकानात मला हेच ‘हायवे सेटिंग’ म्हणून विकलं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) उतरेल, अॅव्हरेज वाढेल, इंजिन जास्त टिकेल, असं छातीठोकपणे सांगितलं. आरपीएम उतरला, एवढंच खरं. अॅव्हरेज अमरावतीपर्यंतच घसरलं, आणि परतवाडा ते घटांगच्या चढावर इंजिनाचे जे हाल झाले ते बघून त्याच्या आयुष्याबद्दल बोलायलाच नको.

आधी आकडे, कारण दुकानात आकड्यांनीच भुरळ पाडतात. माझी गाडी पाच गिअरची, एअर कूल्ड. कंपनीकडून पुढे १४ दाते, मागे ४४. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट ३.१४ वेळा फिरतं. पुढे १५ दाते केले की हा आकडा २.९३ होतो. पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन ६००० आरपीएमच्या जवळ असायचं, ते ५६०० वर आलं. पुढचा एक दात वाढवणं म्हणजे मागचे तीन दाते कमी करण्याइतकंच झालं. पण मागचं स्प्रॉकेट काढायला चाक उतरवावं लागतं, पुढचं मात्र एक कव्हर आणि दोन बोल्ट काढले की हातात येतं. म्हणून दुकानदार पुढचंच सुचवतात.

मुळात ६००० आरपीएम ऐकून घाबरायचं कारणच नाही. गावोगाव चालणारी स्प्लेंडर घ्या. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन सर्वात जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६००० ला देतं आणि सर्वात जास्त ताकद ८००० ला. छोट्या इंजिनाची बनावटच तशी असते. क्लासिक ३५० ला २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० लाच मिळतो, म्हणून ती ८० ला निवांत वाटते. तो निवांतपणा ३४९ सीसीच्या सिलिंडरमधून येतो, स्प्रॉकेटच्या दातातून येत नाही. एक दात वाढवून तुम्ही आरपीएम सात टक्क्यांच्या आसपास उतरवता आणि मागच्या चाकाला मिळणारा जोरही प्रत्येक गिअरमध्ये तेवढाच कमी करता. दुकानात पहिला भाग सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

हँडलच्या झिणझिणीचंही तसंच. ८० ला हाताला मुंग्या येतात, त्या जातील असं सांगितलं होतं. ती झिणझिण इंजिनाच्या आरपीएमला बांधलेली असते. ती ८० वरून ८५ वर सरकली, गेली नाही. आणि चारपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० चीच मर्यादा आहे. ज्या वेगानं जायची परवानगी नाही, त्यासाठी गाडीचं गणित कशाला बिघडवायचं?

निघालो तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आताचा ५३. वाडी सोडली आणि समोरून पश्चिमेचा वारा लागला. मे-जूनमध्ये नागपूरहून अमरावतीकडे तोंड करून जाणाऱ्याला हा वारा भेटणारच, हे धरून चला. हिशेब सोपा आहे. गाडी ८० नं चालली आहे आणि समोरून २० चा वारा आहे, म्हणजे छातीवर १०० चा वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो दीडपटीहून जास्त होतो. ५६०० आरपीएमवर माझ्या इंजिनाकडे तेवढं द्यायला काही शिल्लकच राहत नव्हतं. बाजारगावपर्यंत अॅक्सिलेटर पूर्ण पिळूनही काटा ७२-७४ वर. कोंढाळीच्या पुढे चढउतार सुरू झाले की पाचवा गिअर ठेवणं अशक्य. चौथा टाकायचा, ८० गाठायचे, पाचवा टाकला की पुन्हा ७० वर घसरायचे. कारंजा, तळेगाव, तिवसा, सगळा वेळ हाच खेळ. चौथ्यात गाडी चालवायची म्हणजे आरपीएम ६५०० च्या वर. ज्यासाठी पैसे मोजले त्याच्या नेमकं उलट.

मोझरीला थांबून पाणी पिताना सायलेन्सरजवळ पाय नेववत नव्हता. अमरावतीत टाकी भरून हिशेब केला तर अॅव्हरेज ३८. ह्याच रस्त्यावर ह्याच गाडीनं डबलसीट ४५ च्या खाली कधी दिलं नव्हतं. वाऱ्याचा वाटा त्यात मोठा आहे, मान्य. पण वाऱ्यातसुद्धा गिअर जुळलेला असता तर अॅक्सिलेटर सतत शेवटपर्यंत पिळावा लागला नसता.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, म्हणून आकडे बरोबर राहिले. काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीत पुढचा दात वाढवला की मीटर ८० दाखवतो आणि गाडी ८५ च्या वर असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणजे अॅव्हरेजचा हिशेबही चुकतो. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघा. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघितलं की दहा किलोमीटरमध्ये कळतं.

अमरावती ते परतवाडा रस्ता सपाट, वलगाव-आसेगाव मार्गे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता तो चढ. परतवाड्याहून धारणीकडे निघालं की थोड्या वेळात सपाटी संपते, आणि बिहालीच्या पुढे घाट लागतो तो घटांगपर्यंत सोडत नाही. रस्ता अरुंद, वळणं आखूड, समोरून एसटी आली की एक पाय खाली टेकवावा लागतो. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून तीनशे किलोच्या घरात. तिसऱ्या गिअरमध्ये ३५ च्या वेगाला आधी जेमतेम ४००० आरपीएम मिळायचे, ते आता ३७०० झाले होते. ऐकायला फरक छोटा, पण माझं इंजिन ४००० च्या खाली भार घेतच नाही. पिस्टन ठोकल्याचा खडखड आवाज येतो, अॅक्सिलेटर द्यावा तसा वेग उतरतो. दुसरा टाकला तर गाडी ओढते, पण वळणातून बाहेर पडताना पुन्हा घरघर, म्हणून पहिला. पहिल्यात एका लाकडं भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलो. माणूस चालतो त्या चालीनं ट्रक, मागे आम्ही हाफ क्लचवर. दोन वळणं तशी गेली आणि क्लच प्लेटचा जळका वास आला. थांबवली तर न्यूट्रल सापडेना. गरम झालेला क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून असं होतं. अशा वेळी जोर करून गिअर मारू नका. क्लच दाबून इंजिन बंद करा, मग न्यूट्रलला पाडा आणि सावलीत अर्धा तास उभी राहू द्या. आम्ही सागाच्या झाडाखाली बसलो. मेच्या अखेरीस सागाला पानच नसतं, तेव्हा सावली कसली ती विचारू नका.

एअर कूल्ड इंजिनाला वारा लागतो तो गाडीच्या वेगातून. कमी वेग, उघडा थ्रॉटल, कमी आरपीएम आणि ४४ अंशांचं ऊन, ह्याहून वाईट जोडी इंजिनासाठी नाही. जास्त आरपीएमनं इंजिन झिजतं हे सगळे सांगतात. कमी आरपीएमवर भार दिला की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर किती मार बसतो, हे कोणी सांगत नाही.

घटांगनंतर सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी. सिपनेच्या काठानं जंगल सुंदर आहे, रस्ता सोपा आहे. चिखलदऱ्याचा मुक्कामही छान झाला, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

उतरून परतवाड्यात आलो तो सरळ एका मेकॅनिक काकांच्या टपरीवर. त्यांनी कव्हर उघडलं, स्प्रॉकेटवरचा काळा मेणचट थर चिंधीनं पुसला, १५ चा शिक्का बघितला आणि म्हणाले, “कंपनीनं चौदा दात काय उगाच देले काय भाऊ? भरल्या बंडीले चढावर एकच बैल जुपल्यावानी झालं हे.” मग मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटानं मागे ओढून दाखवली. अर्धा दात उघडा दिसत होता. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवलं होतं. असं केलं की नवे दातेही थोड्याच दिवसांत हुकासारखे वाकडे झिजतात. दुकानानं चेन तपासलीच नव्हती, नाही तर नवा पूर्ण सेट टाका असं तरी सांगितलं असतं.

आणि पैसे! नागपुरात मी ‘हायवे स्प्रॉकेट’चे फिटिंगसह ९०० रुपये मोजले. काकांनी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याच मापाचं आणून दाखवलं, १६० रुपये. त्याच शिक्क्याचं, त्याच जाडीचं. त्यांनी स्वतः मजुरी घेतली १०० रुपये, तीही चेन साफ करून, तेल देऊन. माझा राग अजून उतरलेला नाही. बिल मागितलं असतं तर ते मिळालं नसतं, हे मला आता पक्कं कळतं. म्हणून तुम्ही स्प्रॉकेट बदलायला जाण्याआधी सुट्या भागाची किंमत वेगळ्या दुकानात विचारा आणि जुना भाग मागून घ्या. माझं जुनं १४ चं मी कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलं होतं, म्हणून परतवाड्यात लगेच काम झालं.

१४ बसवलं, आणि मी मावसभावाला म्हटलं, चल, पुन्हा घटांगला. तो नको म्हणत होता. पण त्याच चढावर, तेवढ्याच सामानानं, त्याच उन्हात बघितल्याशिवाय माझं समाधान होणार नव्हतं. परतीच्या वाटेवर वारा पाठीशी असणार, त्यावरून काही ठरवणं चूक. बिहालीच्या पुढे तिसरा टाकला, ४० धरले, आणि गाडी चढत राहिली! ज्या वळणातून बाहेर येताना पहिला टाकावा लागत होता तिथं दुसरा पुरला. क्लच अर्धा दाबायची वेळ फक्त एका एसटीच्या मागे आली. खडखड नाही, वास नाही. मागून भाऊ म्हणाला, “दादा, हीच गाडी होती का आपली?” घटांगला उतरलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता की चहा मी दोनदा घेतला. तेव्हा माझा निकाल पक्का आहे. डबलसीट, सामान आणि मेळघाट असेल तर कंपनीचं गिअरिंग हलवू नका. एकटे, हलके आणि कायम चंद्रपूर किंवा पांढरकवड्याकडच्या सपाट चारपदरीवरच फिरत असाल, तर १५ दातांनी तुमचं फार बिघडणार नाही, पण ९०० रुपयांची कमाईही होणार नाही.

दात बदललाच तर चेनचा ताण पुन्हा लावावा लागतो. पुढे एक दात वाढला की मागचा अॅक्सल साधारण तीन मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो, आणि परत १४ ला आलं की तेवढाच मागे. माझी चेन १४ लावल्यावर लोंबायला लागली होती. बहुतेक १५० सीसी गाड्यांना मधोमध २० ते ३० मिलिमीटरचा खेळ चालतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच पक्का धरा. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का ते स्वतः वाकून बघा. माझ्या गाडीला नागपुरात डावी खूण एक घर पुढे होती, आणि चाक तेवढं तिरकं चाललं होतं.

वाऱ्याचं म्हणाल तर नागपूर पहाटे पाचला सोडा. ऊन चढलं की वाराही वाढतो, आणि अकरानंतर कोंढाळी-तळेगाव पट्ट्यात ८० चा हट्ट धरू नका. ६५ वर चौथ्यात गाडी हसतखेळत जाते, पेट्रोलही कमी लागतं. घाटात पुढच्या ट्रकला चिकटू नका. मागे पन्नास मीटर अंतर ठेवलं तर तो वळण घेईपर्यंत तुम्हाला हाफ क्लचवर झुलावं लागत नाही.

सेमाडोहचं जंगल दिवसाउजेडी पार करा, व्याघ्र प्रकल्पातून जाणारा रस्ता आहे आणि मोबाइलला रेंज मधूनच येते. परतवाड्यात टाकी फुल करा, १४ असो की १५, घाटात अॅव्हरेज उतरतंच. मागच्या टायरमधली हवा सकाळी टायर थंड असताना डबलसीटच्या आकड्याला भरा, आणि दुपारी तापलेल्या टायरमध्ये जास्त दिसली म्हणून सोडू नका.