बेव्हनसाहेबांनी आमची बाजू केव्हाच मांडून ठेवली आहे

व्हिसाच्या मुदतवाढीची वेळ आली की आमच्या घरात आधी हिशेब मांडला जातो. आरोग्य अधिभार, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) वापरता यावी म्हणून व्हिसावाल्यांनी भरायची रक्कम: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा-बायको, दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे १०,८६६ पौंड, तेही अर्जासोबत एकरकमी. व्हिसाची फी वेगळी. पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) दर महिन्याला कापला जातो, तो आणखी वेगळा. एवढं सगळं भरल्यावर परवा दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंनी ऐकवलं, "बाहेरून येणाऱ्यांना इथे सगळं फुकट मिळतं." रागाने तोंडातून शब्द फुटला नाही.

याचं उत्तर मात्र ज्यांनी एनएचएस उभी केली त्या माणसानेच सत्तर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. अनायरिन बेव्हन. आम्ही राहतो त्या वेल्समधल्या कार्डिफच्या उत्तरेला, खाणींच्या खोऱ्यातलं ट्रेडेगर हे त्यांचं गाव. वेल्समध्ये आजही लोक त्यांना घरच्यासारखं 'नाय' म्हणतात.

जन्म १८९७ चा, दहा भावंडांतले एक. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि कोळशाच्या खाणीत कामाला लागले. त्यात तोतरेपणा. ज्या शब्दावर जीभ अडायची त्याच्या जागी लगेच दुसरा शब्द बसवायचा, अशी सवय त्यांनी लावून घेतली. त्यासाठी वाचनालय पालथं घातलं आणि डोंगरावर जाऊन मोठमोठ्याने कविता म्हटल्या. पुढे संसदेत चर्चिलना भर सभागृहात भिडणारा हाच माणूस. १९२५ मध्ये वडील गेले ते नायच्या हातांत. आयुष्यभर खाणीत काम करून छातीत धूळ साचलेली. भरपाई शून्य, कारण तो आजार तेव्हा सरकारी यादीतच नव्हता.

ट्रेडेगरच्या कामगारांची एक वैद्यकीय मदत संस्था होती. पगारातल्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स कापून द्यायचे आणि डॉक्टर, औषध, दात, चष्मा सगळं संस्थेने बघायचं. आपल्याकडच्या भिशीत आणि यात फरक एवढाच, की इथे आपला नंबर कधी लागतो याची वाट कुणी बघत नव्हतं. बेव्हन या कारभारात तरुणपणीच शिरले होते. आरोग्यमंत्री झाल्यावर त्यांनी हीच व्यवस्था सगळ्या देशाला लावली. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, तरी ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. ४ जुलैची रात्र सरून बारा वाजून एक मिनिट होताच वेल्समधल्याच अमान व्हॅली रुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिचं नाव नायवरूनच ठेवलं.

आता अधिभाराचं. परदेशी लोकांना फुकट उपचार कशाला, हा आरडाओरडा तेव्हाही होता. बेव्हननी १९५२ च्या आपल्या पुस्तकात त्याचा समाचार घेतला आहे. पाहुणा इथे पाऊल ठेवून दारू-तंबाखू विकत घेतो तेव्हाच सरकारी तिजोरीत भर घालतो, असं ते म्हणतात. शिवाय परका शोधायचा तर आपल्याच माणसांना जागोजागी ओळखपत्र दाखवत फिरावं लागेल, म्हणजे त्रास सगळ्यांनाच. हे त्यांनी चार दिवसांच्या पाहुण्याबद्दल लिहिलंय. आम्ही तर इथे घरभाडं, कर, सगळं नियमाने भरतोय!

नाशिकचा असल्यामुळे आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्यांच्या समितीने १९४६ मध्येच लिहिलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. एनएचएसच्या दोन वर्षं आधी! गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच अहवालातून आली. तेव्हा विचारात आपण मागे होतो असं कुणी म्हणू नये. ते सगळं प्रत्यक्षात मात्र उतरलं नाही: आपली लोकसंख्या केवढी, त्यात फाळणी, तिजोरीत खडखडाट. अर्थात ब्रिटनही तेव्हा कर्जात बुडालेला होता आणि लोक रेशनवर जगत होते, हेही खरंच आहे, आणि ते मला टोचतं.

पुण्यातले मित्र चिडवतात, "तुमच्याकडे स्पेशालिस्टची तारीख मिळेपर्यंत दुखणं आपोआप बरं होतं, इथे उद्या एमआरआय." प्रतीक्षायादी लांब आहे, मान्य. पण तो उद्याचा एमआरआय पैसे मोजणाऱ्याचा. माझ्या काकांच्या बायपाससाठी दोन एकर जमीन गेली, ती घरात अजून कुणी विसरलेलं नाही. इथे मुलाला मध्यरात्री दम्याचा झटका आला तेव्हा नर्सने आधी त्याच्या तोंडाला मास्क लावला आणि मग नाव विचारलं. बिल नाही, डिपॉझिट नाही. वेल्समध्ये २००७ पासून औषधाच्या चिठ्ठीलाही पैसे पडत नाहीत. शेजारच्या इंग्लंडमध्ये पडतात.

दातांच्या कवळीला आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं तेव्हा, १९५१ मध्ये, बेव्हननी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. कवळी-चष्म्यासाठी! कर घेऊन वर पुन्हा तेवढ्याच गोष्टीसाठी १,०३५ पौंड घेणं त्यांना पटलं असतं, असं मला कुणी सांगू नये. अधिभार मी यंदाही भरलाय. आणि तो रद्द व्हावा म्हणून इथल्या खासदारांना पत्रही पाठवलंय, त्यात बेव्हनचा तो परिच्छेद जसाच्या तसा उतरवून.