बुधवारचे माहीम आणि रुळांपलीकडची धारावी

१९९२-९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत दुभंगलेल्या वस्त्यांतली माणसे आज एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे पाहण्यासाठी मी आणि माझा मावसभाऊ एका बुधवारी माहीम ते धारावी पायी हिंडलो. माहीमला जलद लोकल थांबत नाही, त्यामुळे धीमी गाडीच धरावी आणि पश्चिमेला उतरावे.

सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना ही खास प्रार्थना होते आणि तिथल्या रांगेत सर्व धर्मांची माणसे असतात. नवसासाठी बाहेर मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे विकायला ठेवलेली असतात. ‘मावशी, सगळ्यांत जास्त काय खपतं?’ असे विचारल्यावर विक्रेत्या बाईंनी न बोलता घराकडे बोट दाखवले. दंगलींनंतर अनेक कुटुंबांनी जुनी शेजारवस्ती सोडून आपापल्या धर्माच्या वस्तीत बिऱ्हाड हलवले, त्यामुळे रांगेतली ही सरमिसळ पाहून भारावण्याआधी हीच माणसे संध्याकाळी कोणत्या इमारतीत परततात, हेही विचारले पाहिजे.

जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. डोके झाकायला रुमाल न्यावा. डिसेंबरातल्या उरुसात पहिला मान माहीम पोलीस ठाण्याचा असतो. हे दृश्य लोभस खरे, पण दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले, हे दर्ग्याच्या पायरीवर उभे असताना विसरता आले नाही.

म्हणूनच मला सणांतल्या मानापेक्षा एरवीच्या बैठका अधिक मोलाच्या वाटतात. १९८४ साली होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांचे रहिवासी भांडण नसतानाही नियमित भेटत राहिले आणि मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलींनंतर मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीचे काम उभे राहिले.

रूळ ओलांडून पूर्वेला आले की धारावी लागते. पावसाळा टाळावा, बंद बूट घालावेत, विचारल्याशिवाय कोणाचेही छायाचित्र काढू नये आणि पहिल्याच वाक्यात दंगलीचा विषय तर मुळीच काढू नये. ही चूक आम्ही पहिल्या गल्लीत केली आणि समोरचे गृहस्थ घरात निघून गेले. कुंभारवाड्यात मात्र आम्ही भट्टीशेजारी चहा घेत बसलो आणि पुनर्विकासात घर कुठे मिळणार, एवढेच विचारले. तिथले काका अर्धा तास त्यावर बोलले, मग थांबले आणि ‘जुना शेजारी बाजूला मिळेल का, ते कुणी सांगत नाही,’ असे म्हणून जानेवारी १९९३ मध्ये त्या शेजाऱ्याने कोणती कडी आतून लावून घेतली होती, ते दाखवायला आम्हाला घरात घेऊन गेले.