काकाची करंगळी

आमचा काका वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाला आणि तेव्हापासून संध्याकाळी सातला त्याची क्वार्टर फिक्स. (आधीपण होतीच, फक्त टायमिंग ठरलेलं नव्हतं.) दोनेक वर्षांपूर्वी डाव्या तळहातावर करंगळीखाली गाठ आली, दुखत नव्हती म्हणून याने लक्षच दिलं नाही, मग तिथून बोटापर्यंत त्वचेखाली दोरी ताणल्यासारखं दिसायला लागलं आणि करंगळी नि शेजारचं बोट आत वळत गेलं. आता तोंड धुताना करंगळी डोळ्यात जाते, खिशात हात घातला की अडकतो, आणि आरतीला टाळ्या वाजवल्या की नुसता फुसका आवाज.

काकीने मोबाईलवर वाचलं की हे दारूने होतं. झालं! ती काकाला जवळपास ओढतच पाचपाखाडीला हँड सर्जनकडे घेऊन गेली, सोबत मी.

डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. टेकेचना. खालून पेन आरपार गेलं असतं एवढी फट. म्हणाले, ड्युपिट्रन्स कॉन्ट्रॅक्चर. 1831 मध्ये पॅरिसला ज्याने याचं ऑपरेशन केलं त्या सर्जनचं नाव. यात शीर वगैरे आखडत नाही, तळहाताच्या कातडीखालचा पडदा जाड होऊन आक्रसतो.

"दारूमुळेच ना?" काकी.

"खूप पिणाऱ्यांत जास्त दिसतो, खरंय. सिगारेट, डायबेटीसवाल्यांतही. पण अजिबात न पिणाऱ्यांनाही होतो, घराण्यातून येतो. तुमच्याकडे अजून कोणाला?"

आणि मला आजोबा आठवले. माळकरी माणूस, आयुष्यात थेंब नाही, पण उजवी दोन बोटं अश्शीच वळलेली, आणि गावात लोक कुजबुजायचे की म्हातारा चोरून घेत असणार. लहानपणी मलाही ते खरं वाटायचं, आता लाज वाटली.

सुईने ती दोरी तोडतात नाहीतर ऑपरेशन, तरी परत होऊ शकतं. दारू सोडून बोट सरळ होणार नाही हे ऐकून काकीचा चेहराच पडला. मग डॉक्टरांनी शुगर नि लिव्हरच्या टेस्ट लिहून दिल्या तेव्हा जरा खुलली.

येताना रिक्षा तीन हात नाक्याला अडकली. काका खुशीत, "बघ, बाबांकडून आलंय."

काकी म्हणाली, "बोट बाबांकडून आलं. बाटली कोणाकडून आली?"

रिक्षावाला हसला. काका सिग्नलकडे बघत बसला.