पाणी खाली, राखण वर

फाल्गुनात रावेर-सावदा पट्ट्यातून जाताना दोन रंग एकदमच डोळ्यात भरतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचा गर्द हिरवा, आणि उत्तरेला सातपुड्याचा विटकरी, भाजलेला. मध्येच पळस पेटलेले. डोंगर इतका कोरडा आणि त्याच्याच पायथ्याशी बाराही महिने पाणी मागणारं पीक, हे शेजारीशेजारी कसं नांदतं ते पाहायला मी यंदा खानदेशात फिरलो. जंगल राखणाऱ्याला त्या जंगलातून येणाऱ्या पाण्याचा मोबदला मिळावा, अशी व्यवस्था जगात बऱ्याच ठिकाणी उभी राहते आहे. आपल्याकडे ती कुठे रुजेल, हा प्रश्न मनात होता. फिरून आल्यावर ठामपणे वाटतं की तिची सुरुवात तापीच्या या खोऱ्यात व्हावी.

रावेरजवळच्या एका बागेत शिरलो. मालक साठीचे, तीन पिढ्या केळीत. त्यांनी ठिबकची नळी उचलून दाखवली आणि हिशेब तोंडावर फेकला. एकरी दीड हजार झाडं, उन्हाळ्यात झाडाला दिवसाकाठी १५ ते १८ लिटर. म्हणजे एका एकराला रोज २२ ते २७ हजार लिटर. आणि हे ठिबकवर, पाटपाण्यावर नव्हे. ट्यूबवेल किती खोल, असं विचारल्यावर ते म्हणाले, “आजोबांच्या वेळेला मोट चालायची, भाऊ. आता पाइप किती उतरवले ते मोजायचंच सोडून दिलं.”

हे पाणी येतं कुठून? सातपुडा जिथे संपतो आणि तापीचा गाळ सुरू होतो, त्या सांध्यावर दगडगोटे, वाळू आणि मुरूम यांचा एक लांब पट्टा आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धावत आलेले नाले या पट्ट्यात आले की पाणी जमिनीत उतरतं. पावसाळ्यात घाटाच्या तोंडाशी खळाळणारा नाला दोन-तीन कोसांवर नुसता वाळूचा पाट होऊन पडलेला दिसतो, तो त्यामुळे. हेच उतरलेलं पाणी पुढे यावल, रावेर, चोपड्याच्या विहिरींना लागतं. डोंगरावर झाडोरा असेल तर पाणी सावकाश आणि निवळ येतं. उतार उघडे पडले की ते गढूळ होऊन एका झपाट्यात येतं, बारीक माती त्या वाळूत बसते आणि जमिनीची पाणी पिण्याची वाटच बुजते. बागवाल्या काकांना हे सगळं ठाऊक होतं. वर कोण राहतं, हे मात्र त्यांनी कधी जाऊन पाहिलेलं नव्हतं.

मी गेलो. रावेरहून डोंगरातल्या पाल गावाचा रस्ता चढायला लागला की केळी संपते आणि साग, धावडा, सालई सुरू होते. मोहाची फुलं पडायला लागली होती. पहाटे वेचून आणलेली फुलं अंगणात वाळत घातलेली आणि त्यांचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. होळी जवळ आली होती, होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराची तयारी पाड्यापाड्यांवर चालली होती, ढोल उन्हात तापत ठेवलेले. खाली गारबर्डीला सुकी नावाच्या नदीवरचं धरण. या डोंगररांगेचा एक भाग १९६९ पासून यावल अभयारण्य आहे. तरीही काही माथे पार मोकळे झालेत, आणि ते पाहून पोटात तुटतं.

एका पावरा आदिवासी तरुणाशी दिवसभर बोलणं झालं. वडिलांच्या नावे वनपट्टा, म्हणजे वनहक्कात मिळालेली जमीन आहे, ज्वारी आणि तूर घेतात. पाड्याची माणसं आळीपाळीने जंगलात राखणीला जातात, कुऱ्हाडबंदी पाळतात, वणवा लागला की सगळे धावतात. त्याचा प्रश्न सरळ होता. “दादा, मी राखणीला गेलो की त्या दिवसाचा रोज बुडतो. खाली केळीत मजुरीला गेलो असतो तर पैसे मिळाले असते.” तो राखतो ते पाणी ज्या बागेत उतरतं, त्याच बागेत त्याला मजुरीचे पैसे मिळतात आणि राखणीचे मिळत नाहीत. मला या साऱ्या प्रवासात याहून मोठा अन्याय दिसला नाही.

जगात हा गुंता वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवलाय. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेरच्या डोंगराळ पाणलोटातून येतं. ते गाळण्याचं प्रचंड केंद्र बांधायचं तर काही अब्ज डॉलर लागले असते. शहराने १९९७ मध्ये वरच्या गावांशी करार केला आणि त्यापेक्षा कमी पैसा जमिनी राखण्यावर, शेतकऱ्यांच्या गोठ्यांची घाण ओढ्यात जाऊ नये यावर, खाजगी जंगलांच्या देखभालीवर लावला. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यात जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला हेक्टरी रक्कम द्यायची सोय केली. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून, पुढे पाणीपट्टीतूनही. इक्वाडोरची राजधानी कितो इथे २००० साली पाण्याचा एक कायम निधी उभारला गेला, आणि शहराची पाणीपुरवठा कंपनी आपल्या उत्पन्नातले २ टक्के त्यात टाकते. ब्रिटनमध्ये झाडांनी शोषलेला कार्बन मोजून विकण्याची नियमावली २०११ पासून आहे. पुढे त्याच धर्तीवर जंगलामुळे होणाऱ्या पाण्याच्या फायद्यासाठीही नियम बांधायचं काम हाती घेतलं गेलं, म्हणजे एखादी पाणी कंपनी किंवा कारखाना शेतकऱ्याकडून तो फायदा रीतसर विकत घेऊ शकेल.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते हिमाचलातलं पालमपूर. तिथल्या नगर परिषदेने २०१० मध्ये बोहलच्या झऱ्याचं पाणलोट राखणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीशी करार केला. वर्षाला १०,००० रुपये, मुदत २० वर्षं. रक्कम अगदीच थोडी. पण एका भारतीय नगर परिषदेने कागदावर मान्य केलं की नळाला येणारं पाणी कुणीतरी राखलेलं असतं आणि त्याचं देणं लागतं.

आपल्याकडे जंगलाला पैसा मिळतच नाही असं नाही. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, पंधराव्याने १० टक्के. पण ते पैसे राज्याच्या तिजोरीत पडतात. पालच्या पाड्यावर राखणीला गेलेल्या माणसाच्या हातात त्यातलं काय येतं, हे त्याला विचारावं.

खानदेशात हे बसवताना पहिली अडचण मालकीची. कोस्टा रिकात जंगलाचा मालक शेतकरी असतो. सातपुड्यात मालक वनखातं आणि राखणारा गावकरी. इथे २००६ चा वनहक्क कायदा कामाला येतो. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क आहे, आणि पाचव्या कलमात ग्रामसभेवर लगतचं पाणलोट आणि जलस्रोत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. कायद्याने जबाबदारी दिली, मग तिचा मोबदला घेण्याचा अधिकार ग्रामसभेचाच. वैयक्तिक पट्टेधारकाने बांधावर, उतारावर झाडं उभी ठेवली तर त्याला वेगळा दर द्यावा.

दुसरी अडचण विज्ञानाची, आणि ती लपवून हा व्यवहार उभा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झाडं लावली की पाणी वाढतं, हे सरसकट खरं नाही. झाडं स्वतःही पाणी पितात. दाट, झपाट्याने वाढणारी लागवड केली तर नाल्याचं वर्षाचं एकूण पाणी घटूही शकतं. जंगल निश्चितपणे देतं ते वेगळं: जमिनीत मुरण्याची वाट मोकळी राहते, गाळ कमी येतो, पुराचा तडाखा सौम्य होतो, आणि उघड्या, घट्ट झालेल्या उतारावर ते परत आलं तर उन्हाळ्यातला झरा टिकण्याची शक्यता वाढते. म्हणून जगातल्या बहुतेक योजना लिटरवर पैसे देत नाहीत, राखलेल्या हेक्टरवर देतात. तेच इथेही करावं. सोबत नाल्यावर मोजपट्टी, पाड्यावर पर्जन्यमापक आणि पायथ्याच्या ठरावीक विहिरींची पातळी, एवढी नोंद सुरुवातीपासून ठेवावी. म्हणजे पाच वर्षांनी कुणी “दाखवा फायदा” म्हटलं तर वही पुढे करता येईल.

चोपड्यावरून शिरपूरला आलो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून इथे नाले खोल-रुंद करून बंधारे बांधण्याचं काम केलं, ते शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर गाजलं. तापीच्या गाळात मध्येच पिवळ्या मातीचे थर आहेत, ते पाणी अडवतात, म्हणून खोल जायचं ही त्यामागची समज. नाल्यांत साठलेलं पाणी मार्चमध्ये पाहून मन भरून येतं. पण अशा प्रत्येक नाल्यात वरून गाळ येतच राहतो. तो उपसायला यंत्रं लावायची आणि तो रोखणाऱ्या जंगलाला काहीच द्यायचं नाही, हा व्यवहार मला पटत नाही. सातपुड्यालगत तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये करार झाला. एवढी मोठी योजना पायथ्याशी येणार असेल तर डोंगराच्या राखणीसाठी तिच्यात पहिल्या दिवसापासून वेगळं खातं असायला हवं.

पैसा कुठून काढायचा याचा विचार धुळ्यात कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाताना कागदावर केला. एकरी दीड हजार झाडं, घड सरासरी २० किलोचा धरला तर एकरी ३०० क्विंटल केळी. क्विंटलमागे १ रुपया बाजूला काढला तर शेतकऱ्यावर एकरी ३०० रुपये. बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातला भाव एका दिवसात याच्या कितीतरी पट खालीवर होतो. शहरांच्या आणि कारखान्यांच्या पाण्याचा ठोक दर २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. त्या दरात पाणलोटाच्या राखणीचा अंश धरला तर भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही.

साक्री सोडून पिंपळनेरच्या बाजूला लागलो तेव्हा पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत आठवणं साहजिक होतं. तीनशेहून अधिक वर्षांची ही रीत: नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांच्या धान्यातून. पाणी कमी असलं तर सगळ्यांचंच क्षेत्र कमी. पाण्याच्या राखणदाराला पिकातला वाटा देणं या मातीला नवीन नाही. तो वाटा बंधाऱ्यापाशी थांबला होता, आता तो उगमापर्यंत न्यायचा.

पुढे बारीपाड्याला पोचलो. हे कोकणी (कोकणा) जमातीच्या आदिवासींचं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथलं जंगल विरळ होऊन पाण्याची टंचाई होती. चैत्राम पवार शिकून गावात परतले आणि गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, दंड, दगडी बांध, पाळीपाळीने राखण. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. २००४ पासून इथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. मी गेलो तेव्हा भाज्यांचा हंगाम नव्हता, पण मार्चात विहिरीला पाणी होतं, आणि भाताची शेती करणारं हे गाव धुळे जिल्ह्यातच आहे यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागला.

गावातल्या एका ज्येष्ठ काकांना मी सगळा बेत सांगितला, न्यूयॉर्कपासून क्विंटलच्या रुपयापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं. पैशाबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. गावाने पैशासाठी जंगल राखलं नव्हतं, आणि उद्या पैसे थांबले म्हणून पोरांनी राखण सोडली तर काय, ही त्यांची चिंता. ती रास्त आहे. म्हणून रक्कम घरटी वाटू नये, ग्रामसभेच्या खात्यात जावी आणि राखणीचा रोज, वणवा अडवणारी मोकळी पट्टी, बांधांची दुरुस्ती यावरच खर्च व्हावी, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी विचारलं, “आणि वरून कुणी खाण काढायला आलं, रस्ता काढायला आलं, तर खालचे बागवाले आमच्या बाजूने उभे राहतील का?”

पालमपूरच्या करारात २० वर्षांची मुदत आहे. खानदेशातल्या करारात मुदतीबरोबर हे कलमही लिहावं लागेल: पाणलोटात काहीही होणार असेल तर मोबदला देणाऱ्या शेतकऱ्यांचं आणि नगरपालिकांचं म्हणणं ग्रामसभेच्या म्हणण्यासोबत नोंदवलं जाईल. काकांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि “नगरपालिका” हा शब्द आधी घ्यायला सांगितला.