खिडकी कशाला बदलता, बिजागरी बदला

इथे इंग्लंडमध्ये खिडकीची बिजागरी सहज दिसत नाही. आपल्याकडे लाकडी पल्ल्याच्या कडेलाच ती असते. गंजली की दिसते, कुरकुरली की ऐकू येते. इथल्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडकीत ती पल्ला आणि चौकट यांच्या मधल्या फटीत, एक वर आणि एक खाली, आडवी बसवलेली असते. पल्ला उघडून वाकून बघितलं तरच स्टीलची पट्टी, तिच्यावर पुढे-मागे सरकणारा प्लॅस्टिकचा तुकडा आणि कात्रीसारखे दुमडणारे हात दिसतात. या बिजागरीला इथे फ्रिक्शन स्टे म्हणतात. इथले पल्ले बाहेरच्या बाजूला उघडतात, आणि उघडलेला पल्ला वाऱ्याने आपटू न देता हव्या त्या कोनात धरून ठेवायचं काम या सरकत्या तुकड्याच्या घर्षणामुळे होतं. त्यामुळे वेगळा आकडा किंवा अडसर लागत नाही. पण घर्षणावर चालणारी वस्तू झिजणारच.

झिजली की पल्ला मुठीच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण दुहेरी काचेच्या खिडकीचा सगळा फायदा पल्ला रबरावर चहूबाजूंनी घट्ट दाबला जाण्यावर अवलंबून आहे. दोन काचांच्या मध्ये कोंडलेला आरगॉन वायू किंवा कोरडी हवा घरातली ऊब अडवून धरते, आणि कोपऱ्यातल्या फटीतून ती ऊब तशीच निघून जाते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो, हीटिंग चालू असतं, आणि खिडकीजवळ बसलं की मानेवर गार झोत येत राहतो. वारा जोरात असेल तर शीळ घातल्यासारखा आवाजही येतो. फट नक्की कुठे आहे ते शोधायचं असेल तर कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. जिथे ती अलगद निघून येते तिथे रबर दाबलं जात नाही. सगळ्या बाजूंनी असं करून बघायला फार वेळ लागत नाही.

आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी अशी झाली तेव्हा खिडक्या बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. त्याने पल्ला एकदाही पूर्ण उघडून बघितला नाही. म्हणाला, "खिडकी जुनी आहे, आता हिचे सुटे भाग मिळत नाहीत, घरातल्या सगळ्याच बदलून घ्या. आज सही केलीत तर सवलत देतो." मला त्या बोलण्याचा राग आला आणि आजही येतो. नवीन आलेल्या माणसाला या खिडक्यांची काहीच माहिती नसते, समोरचा खात्रीने बोलतो, आणि काही हजार पाउंडांचा प्रश्न असतो. सुटे भाग मिळतात. या बिजागऱ्या आणि मुठी ठरावीक मापांत बनतात, म्हणून मूळ कंपनी बंद पडली असली तरी दुसऱ्या कंपनीचा भाग बहुतेक वेळा त्याच जागी बसतो. बिजागऱ्यांची जोडी साधारण पंधरा-वीस पाउंडांत येते.

अर्थात आधी नक्की काय बिघडलंय ते बघायला हवं. दोन काचांच्या आत धुकं किंवा पाण्याचे थेंब दिसत असतील तर काचेच्या जोडीच्या कडेचं सील निकामी झालं आहे. बिजागरी बदलून ते जाणार नाही. तेव्हासुद्धा फक्त काचेची जोडी बदलता येते, चौकट तशीच राहते. पल्ला उतरला आहे पण बिजागरीत खेळ नाही, असंही होतं. शेजारच्या निवृत्त सुतारकाकांनी मला हे दाखवलं. काच पल्ल्यात नुसती ठेवलेली नसते, प्लॅस्टिकच्या चपट्या पाचरी घालून ती तिरपी ताणलेली असते: एक पाचर खाली बिजागरीच्या कोपऱ्यात, दुसरी तिच्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात, मुठीकडे. त्यामुळे काचेचं वजन बिजागरीवर जातं आणि काचच पल्ल्याला चौकोनात धरून ठेवते. पाचर सरकली की पल्ला लोंबतो. काका म्हणाले, "आधी पल्ला उघडून हाताने वर-खाली हलवून बघा. बिजागरी हलली तर बिजागरी बदला, ती घट्ट असून कोपरा लोंबत असेल तर पाचर बघा." आमच्याकडे बिजागरीच होती. खालच्या पट्टीतला प्लॅस्टिकचा तुकडा एका बाजूने झिजून गेला होता आणि रिव्हेटभोवती काळी पूड साचली होती.

नवीन बिजागरी मागवताना जुनी मोजा, खिडकी नव्हे. तीन गोष्टी लागतात. पहिली, चौकटीवर बसणाऱ्या पट्टीची लांबी. ती अजूनही इंचांतच सांगतात: ८, १०, १२, १६, २०, २४. दुसरी, खिडकी बंद असताना बिजागरीची एकूण जाडी, म्हणजे पट्टीच्या तळापासून वरच्या हाताच्या माथ्यापर्यंत. ही साधारणपणे १३ किंवा १७ मिलिमीटर असते. बरेच जण इथेच घसरतात. १३ च्या जागी १७ ची आणली तर पल्ला फटीत बसत नाही, आणि उलट केलं तर तो सैल राहतो. तिसरी, पल्ला बाजूने उघडतो की वरच्या कडेला टांगलेला असून खालून उघडतो. दोन्हींच्या बिजागऱ्या वेगळ्या असतात. माप बहुतेक वेळा जुन्या पट्टीवरच ठोकलेलं असतं, जरा पुसून टॉर्च मारला की दिसतं. समुद्रकाठी राहत असाल तर स्टीलचा प्रकारही विचारा. खाऱ्या हवेत स्वस्त स्टेनलेस स्टील लवकर डागाळतं. त्याला लोहचुंबक चिकटतं, चांगल्या ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या पट्टीला जवळजवळ चिकटत नाही.

आता वजनाचं. याबाबतीत मी अगदी कळकळीने सांगते, पल्ला एकट्याने काढू नका. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो असतं. चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला वीस किलो. साठ सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर उंच पल्ला धरला तर नुसती काचच बारा किलोची, त्यात पल्ल्याचं प्लॅस्टिक आणि आतलं स्टील वेगळं. वरच्या मजल्यावर तो पल्ला बाहेर उघडलेला असतो आणि खाली रस्ता किंवा अंगण असतं. आमच्याकडे ह्यांनी दोन्ही हातांनी पल्ला धरला आणि मी स्क्रू काढले. खाली कोणी येणार नाही एवढंही बघितलं. खिडकी मोठी असेल, किंवा खोलीत नीट पाय रोवून उभं राहायला जागा नसेल, तर कारागीर बोलवावा. फक्त त्याला बिजागरी बदलायला बोलवा, खिडकी विकणाऱ्याला नको.

बदलायचं काम तसं सरळ आहे. जुनी पट्टी काढण्याआधी तिची दोन्ही टोकं पेन्सिलने चौकटीवर आखून ठेवावीत, म्हणजे नवी नेमकी तिथेच बसते. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी पल्ला बंद होताना अडतो. जुन्या भोकांत स्क्रू फिरतच राहत असेल तर एका नंबराने जास्त जाड स्क्रू घ्यावा, तोही स्टेनलेस स्टीलचाच. वरची आणि खालची अशी जोडीनेच बदलावी, एक नवी आणि एक झिजलेली ठेवली तर पल्ला पुन्हा तिरका ओढला जातो. शेवटी पट्टीवरचा छोटा पितळी स्क्रू थोडा थोडा पिळून घर्षण ठरवायचं: पल्ला हाताने सहज फिरला पाहिजे आणि सोडला की तिथेच थांबला पाहिजे.

मूठ बदलणं त्याहून सोपं. मूठ उघडी फिरवली की तिच्या खालचं प्लॅस्टिकचं झाकण सरकतं आणि दोन स्क्रू दिसतात. त्यांच्यातलं अंतर ४३ मिलिमीटर असतं. मुठीच्या मागून ७ मिलिमीटरची चौकोनी सळी निघते, तिची लांबी मात्र खिडकीगणिक वेगळी, म्हणून ती मोजूनच मागवायची. काही मुठी वाकड्या असतात आणि त्यांत डावी-उजवी असा फरक असतो. मूठ हलते, सैल झाली आहे किंवा किल्ली हरवली आहे, तर मूठ बदलून भागतं. मूठ नीट फिरते पण पल्ला लॉक होत नाही, तर दोष आतल्या गिअरबॉक्समध्ये, म्हणजे मुठीने फिरणाऱ्या कुलपाच्या यंत्रणेत, असतो आणि नवी मूठ घेऊन उपयोग नाही. पल्ल्याच्या कडेला छत्रीच्या आकाराच्या खुंट्या दिसतात, मूठ फिरवली की त्या चौकटीवरच्या पट्ट्यांमागे अडकतात. यांतल्या बऱ्याच षटकोनी किल्लीने फिरवून दाब वाढवता येतो. कधी कधी तेवढंच पुरतं.

झोपायच्या खोलीची बिजागरी बदलताना आणखी एक गोष्ट बघाच. आग लागली तर वरच्या मजल्यावरून बाहेर पडायला इथे काही खिडक्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. इंग्लंडच्या नियमांत अशा खिडकीची उघडी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची किमान ४५० मिलिमीटर, आणि त्या जागेची खालची कड खोलीच्या फरशीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नको, असं आहे. त्यासाठी काटकोनात पूर्ण उघडणारी वेगळी बिजागरी मिळते. तिच्या जागी साधी बसवली तर पल्ला अर्धवट उघडतो आणि वाट बंद होते. त्या खिडकीच्या मुठीची किल्ली मुलांसकट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. पाहुणे आई-बाबा आले असतील तर त्यांनाही दाखवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे सगळं करायची गरज नाही. इंग्लंडमध्ये घराचा बाहेरचा भाग, म्हणजे खिडक्यासुद्धा, दुरुस्त ठेवणं साधारणपणे घरमालकाचं काम आहे, १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने. फोटो काढा, ईमेल करा, नम्रपणे पण लेखी. स्वतःच्या घरात पूर्ण खिडकी बदलली तर बांधकाम नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि पुढे घर विकताना वकील ते मागतात. बिजागरी-मूठ बदलायला असा कुठलाच कागद लागत नाही.

आता पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींतही यूपीव्हीसीच्या बाहेर उघडणाऱ्या खिडक्या दिसतात, आणि तिथली धूळ इथल्यापेक्षा जास्त. वर्षातून एकदा पल्ला पूर्ण उघडून त्या पट्टीतली माती जुन्या टूथब्रशने काढा आणि रिव्हेटच्या सांध्यांवर हलक्या मशिन ऑइलचा एकेक थेंब सोडा. सरकत्या तुकड्यावर मात्र तेल घालू नका, त्याचं घर्षणच पल्ल्याला धरून ठेवतं. तेल लागलं की जोराच्या वाऱ्यात पल्ला सुटून आपटतो.