आधी हात, मग चेहरे

लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जिओचं १६०१चं ‘अम्माऊस येथील भोजन’ आहे. त्या दिवशी आमचा गट या एकाच चित्रापुढे पाऊण तास होता. चित्र १४१ बाय १९६ सेंटिमीटरचं, माणसं जवळपास खऱ्या मापाची. गटाला मी आधी तीन मीटर मागे उभं करते आणि शेजारची पाटी वाचू देत नाही. ती वाचली की डोळे तिच्यात लिहिलेलं तेवढंच शोधत बसतात.

प्रसंग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, अध्याय २४. पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेला, येशू अम्माऊस गावाच्या वाटेत दोन शिष्यांबरोबर चालला, पण त्यांनी त्याला ओळखलं ते तो भाकर मोडायला बसला तेव्हा. इथे येशूला दाढी नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून आपणही गोंधळतो. म्हणून आधी हात बघायचे. येशूचा उजवा हात आशीर्वादासाठी पुढे आलेला. डावीकडच्या शिष्याने खुर्चीचे हात गच्च धरलेत, तो उठायच्या बेतात आहे. कोपराशी फाटलेल्या बाहीतून आतलं पांढरं कापड दिसतं. उजवीकडच्याच्या छातीवर यात्रेकरूंचा शिंपला, दोन्ही हात फाकलेले: डावा आपल्या अंगावर येणारा, उजवा आत अंधारात गेलेला. लांबचा हात लहान दिसायला हवा, पण तो जवळच्याएवढाच आहे. याला चूक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. लहान काढला असता तर तो हात अंधारात विरून गेला असता.

टेबलाच्या कडेबाहेर आलेली फळांची टोपलीही बघावी. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, वसंतातला आणि फळं शरद ऋतूतली, अशी तक्रार चित्रकाराचा चरित्रकार बेल्लोरीने १६७२मध्येच केली होती. आपला हात मात्र आपसूक ती सावरायला पुढे होतो.

मग एकेक आकृती तळहाताने झाकून बघायची, म्हणजे तिच्यावाचून काय बिघडतं ते कळतं. एका मुलीने मागे उभा असलेला खानावळवाला झाकला आणि म्हणाली, “माणूस गेला, पण सावली राहिली.”

सगळे पुन्हा बघू लागले. उजेड डावीकडून येतो, खानावळवाल्याची सावली येशूच्या डोक्यामागच्या भिंतीवर पडते आणि त्या काळोखावर येशूचा चेहरा उजळून निघतो. सोनेरी वलय कुठेच नाही. त्याच्या जागी ही सावली आहे, आणि ती ज्याची आहे त्या एकट्यालाच काही कळलेलं नाही. त्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा तशीच आहे.