आत्यांसाठी एक विशेषण

पुतण्याचे लग्न होऊन महिना झाला होता आणि त्याची बायको, जी बडोद्याच्या मराठी घरात वाढली आहे, साताऱ्याला आमच्या आत्यांच्या पाया पडायला निघाली होती. निघण्यापूर्वी तिने सहज विचारले, "आत्या स्वभावाने कशा आहेत?" घरात क्षणभर कोणी बोलेना. मग आई म्हणाली, "वन्सं फटकळ आहेत, पण मनात काही नसतं." काकू म्हणाल्या, "फटकळ कसल्या? खवचट म्हणा." बहीण सख्खी असल्यामुळे बाबांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता 'स्पष्टवक्ती' असा शब्द पुढे केला. मी आयुष्यभर मुद्रितशोधनावर पोट भरले असल्यामुळे शब्दांचा निवाडा माझ्याकडे आला, आणि मी म्हणालो, "थांब, जरा विचार करून सांगतो."

विचार करू लागल्यावर लक्षात आले, की काकू आणि आई एकाच बाईबद्दल बोलत असल्या तरी दोन वेगळ्या गुन्ह्यांबद्दल बोलत होत्या. कमी साखरेचा चहा समोर आला, तर फटकळ माणूस "हा चहा फिक्का आहे" असे म्हणून मोकळा होतो. त्याचे वाक्य तोंडातून निसटते, त्याला नेम नसतो, आणि समोर जावई बसला आहे की कलेक्टर याचा त्या वाक्यावर काहीही परिणाम होत नाही. खवचट माणूस मात्र एक घोट घेतो, थोडा थांबतो, आणि विचारतो, "चहा छान झालाय हं. साखर महाग झाली का गं हल्ली?" हा प्रश्न असल्यामुळे त्याला उत्तर द्यावे लागते, उत्तर देताना आपण ओशाळतो, आणि आपण ओशाळलो आहोत की नाही हे तो कपाच्या कडेवरून पाहत असतो. खवट खोबऱ्याशी या शब्दाचे नाते असो वा नसो, दोन्ही गोष्टी घशाशी गेल्यावरच कळतात.

कुजकट ही त्याहून निराळी आणि माझ्या मते अधिक गंभीर जात आहे, कारण कुजायला वेळ लागतो. "असू दे, साखर पाहुण्यांसाठी ठेवली असेल, आम्ही काय घरचेच," हे वाक्य चहाबद्दल नसतेच मुळी. ते वीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मुंजीत न मिळालेल्या लुगड्याबद्दल असते, आणि त्या लुगड्याची घडी मनातल्या मनात रोज मोडून रोज घातलेली असते. फटकळ माणसाशी भांडता येते आणि खवचट माणसाला, अंगात हुशारी असेल तर, परतफेड करता येते. कुजकट बोलण्याला मात्र उत्तर देण्यासाठी आधी त्याचा इतिहास वाचून यावे लागते. तुसड्या माणसाला मी या पंगतीत बसवतच नाही. तो कप दूर सारून "नको मला" म्हणतो, आणि त्यात बोलण्याची कला अशी काहीच नाही.

तिरकस बोलण्याला आपल्याकडे चांगली प्रतिष्ठा मिळाली आहे, आणि ती निव्वळ विनोदामुळे मिळालेली नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी 1898 साली 'काळ' हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा इंग्रज सरकारविरुद्ध सरळ लिहिणे म्हणजे सरळ तुरुंगात जाणे होते. म्हणून त्यांनी वक्रोक्तीचा आश्रय घेतला, आणि वरून स्तुती वाटणाऱ्या वाक्याच्या पोटात त्यांचा खरा अर्थ बसलेला असे. 1908 साली त्यांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, यावरून ती वक्रोक्ती वाचकांइतकीच सरकारलाही समजत होती असे दिसते. घरगुती पातळीवर याच विद्येला आपण शालजोडीतले देणे म्हणतो. जोडा उघडपणे न मारता उंची शालजोडीत गुंडाळून मारायचा, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्या अनाम माणसाला मी मनोमन हात जोडतो. शालजोडीतला बसलेला माणूस आधी आभार मानतो, चपला घालतो, जिना उतरतो, आणि तिसऱ्या पायरीवर थबकतो.

आणखी एक प्रकार असा आहे, की त्यातल्या माणसासाठी आपल्याकडे विशेषण नाही, म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. येथे बाण एकीकडे सोडायचा आणि तो आदळून दुसरीकडे लागावा अशी योजना असते. यात लेकीचा आणि सुनेचा पुरेसा विचार झाला आहे. पण बोलणाऱ्या बाईच्या या भूमितीला एखादा स्वतंत्र शब्द मिळायला हवा होता.

शब्दांच्या तब्येतीही काळानुसार बदलतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चांगल्या बोलण्याचे वर्णन 'साच आणि मवाळ' असे केले आहे, आणि जे बोलण्यातून टाकून द्यावे त्यात उपहास आणि छळ यांच्याबरोबर 'वर्मस्पर्शु' असा एक शब्द येतो. वर्मावर बोट ठेवणे हा दोष आपल्या भाषेने शके 1212 मध्येच इतक्या नेमकेपणाने टिपून ठेवला होता. पुढे 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली त्या काळात जहाल आणि मवाळ ही दोन पक्षांची नावे होऊन बसली होती, आणि ज्या मवाळपणाला ज्ञानदेवांनी अमृताच्या लाटांशेजारी बसवले तोच आता थोडा कमीपणाचा ठरू लागला होता. उलट जहाल हा विषाला लावायचा शब्द अभिमानाने मिरवू लागला. आजही "फार मवाळ आहेत हो ते" असे कोणाबद्दल म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती प्रशंसा वाटत नाही.

बाबांच्या 'स्पष्टवक्ती'पाशी मी सर्वांत जास्त घुटमळलो. आत्यांचे यजमान हयात असताना अगदी आत्यांसारखेच बोलत, किंबहुना अधिक जोराने बोलत. पण त्यांना गावात सडेतोड म्हणत, परखड म्हणत, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांच्या शेजारची खुर्ची आदराने रिकामी ठेवत. तेच बोलणे आत्यांच्या तोंडून आले की त्याला फटकळ, तोंडाळ, कजाग असे शब्द चिकटत. पुरुषाचे बोलणे त्याच्या मतांच्या खाती जमा होते आणि बाईचे तिच्या तोंडाच्या, हा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नसला तरी शब्दांनी तो चोख सांभाळला आहे. बाबांनी वापरलेला शब्द एरवी बाईच्या वाट्याला क्वचित येतो. तो त्यांनी भावाच्या मायेने वापरला होता, पण माझ्या मते तोच सर्वांत न्याय्य होता.

तरीही मला निकाल देता येईना, कारण आत्या सकाळी फटकळ असतात आणि दुपारी झोपून उठल्यावर, डोके ताजे असताना, खवचट होतात. शिव्या त्या कधीच देत नाहीत. शिवराळ माणसाचे बोलणे मुळात टोचतही नाही, कारण शिवी सगळ्यांना एकाच मापाची मिळते. टोमणा मात्र अंगाचे माप घेऊन शिवलेला असतो.

नवी सून दोन दिवसांनी साताऱ्याहून परत आली, ती हसतच. आत्यांनी तिला जवळ बसवून पहिलाच प्रश्न विचारला होता, "माझ्याबद्दल काय सांगून पाठवलंय तुला?" मुलगी सरळ असल्यामुळे तिने खरे ते सांगितले: आजी फटकळ म्हणाल्या, काकू खवचट म्हणाल्या, आजोबा स्पष्टवक्ती म्हणाले, आणि काकांचे अजून ठरत नाही. आत्यांनी पहिल्या तिघांकडे लक्षच दिले नाही. त्या म्हणाल्या, "त्याचं लग्नही असंच पाच वर्षं ठरत नव्हतं."

हे वाक्य फटकळात जमा करावे की खवचटात, यावर आई आणि काकू यांचे अद्याप एकमत झालेले नाही. माझी बायको म्हणते, यात चूक काय आहे.